ऑटोपे लावताना: खात्याची परवानगी कोणाला, किती आणि कधीपर्यंत

‘उद्या आपल्या खात्यातून १,८४० रुपये वजा होतील.’ घरातलं एखादं बिल ऑटोपेवर असेल तर असा मेसेज तुमच्या फोनवर येत असणार, आणि बहुतेक जण करतात तसा तुम्हीही तो न वाचता बाजूला सारत असणार. तो मेसेज रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे येतो. कार्ड किंवा यूपीआयवरून आपोआप पैसे कापायचे असतील तर किमान २४ तास आधी तुम्हाला कळवणं बंधनकारक आहे. पैसे कोणाला जाणार, किती जाणार, कधी जाणार हे त्यात असावं लागतं आणि तो एक व्यवहार थांबवायची किंवा ऑटोपे कायमचं बंद करायची सोयही द्यावी लागते. ऑटोपेवर तुमचा जो ताबा आहे त्यातला मोठा भाग या एका मेसेजमध्ये आहे.

वीज, गॅस, मोबाईल, इंटरनेट, विम्याचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स एवढ्या तारखा लक्षात ठेवणं कोणालाच जमत नाही, आणि एक तारीख चुकली की दंड लागतो. म्हणून ऑटोपे लावावं असं माझं स्पष्ट मत आहे. पण लावताना आपण नेमकं काय देतो ते समजून घ्यायला हवं. आपण पैसे देत नाही, पैसे घ्यायची परवानगी देतो, आणि ती परवानगी किती मोठी असावी हे ठरवायचा हक्क आपला असतो. तो हक्क बहुतेक लोक न वापरताच सही करून मोकळे होतात.

या परवानगीला बँकेत मॅन्डेट म्हणतात. कागदावर सही करून दिलेली असो, आधारच्या ओटीपीने दिलेली असो की यूपीआय पिन टाकून, तिच्यात पाच गोष्टी ठरतात. पैसे कोण घेणार, कोणत्या खात्यातून, एका वेळी जास्तीत जास्त किती, किती दिवसांनी, आणि कोणत्या तारखेपर्यंत. या महिन्याचं बिल किती आलं आहे हे मॅन्डेटमध्ये कुठेच नसतं. मॅन्डेटमध्ये कमाल मर्यादा ५,००० रुपये असेल आणि बिल १,३०० रुपयांचं आलं तर १,३०० जातात. ४,९०० चं आलं तर ४,९०० जातात. ते बिल बरोबर आहे की चूक, हे बँक तपासत नाही. तिला फक्त रक्कम मर्यादेत आहे का आणि खात्यात पैसे आहेत का, एवढंच बघायचं असतं.

पैसे कोणत्या वाटेने जातात

बाहेरून सगळंच ऑटोपे दिसतं, पण आत वेगवेगळे प्रकार आहेत आणि त्यांचे नियम सारखे नाहीत.

सर्वांत जुना आणि सर्वांत सोपा प्रकार म्हणजे स्टँडिंग इन्स्ट्रक्शन. तुम्ही बँकेला सांगता की दर महिन्याच्या ५ तारखेला सोसायटीच्या खात्यात ३,२०० रुपये पाठवा. इथे समोरच्याला काहीच परवानगी दिलेली नसते. पैसे तुमची बँक तुमच्या सांगण्यावरून पाठवते, म्हणून यात फसवणुकीला जवळपास वावच नाही. अडचण वेगळीच आहे. वार्षिक सभेत मेंटेनन्स ३,६०० झाला तरी बँक बिचारी ३,२०० च पाठवत राहते, आणि दरमहा ४०० रुपयांची थकबाकी साठून त्यावर व्याज चढतं. रक्कम बदलली की सूचना आपल्यालाच बदलावी लागते.

दुसरा प्रकार नॅच. यात तुम्ही दिलेल्या मॅन्डेटवर कंपनी तुमच्या बँकेकडून पैसे मागून घेते. आधी याच कामासाठी रिझर्व्ह बँकेने १९९० च्या दशकात सुरू केलेली ईसीएस ही यंत्रणा होती, आणि लोकांच्या तोंडी अजूनही ‘ईसीएस बाऊन्स झालं’ हेच असतं. पुढे २००८ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन स्थापन झाली आणि तिने चालवलेल्या नॅचने ईसीएसची जागा घेतली. विमा कंपन्या, कर्जाचे हप्ते, म्युच्युअल फंडाची एसआयपी म्हणजे दरमहाची ठरावीक गुंतवणूक, हे मुख्यतः याच वाटेने जातात. पासबुकात ‘एसीएच’ अशी अक्षरं असलेली नोंद दिसली की ती नॅचची. प्रत्येक नॅच मॅन्डेटला यूएमआरएन नावाचा स्वतंत्र क्रमांक असतो. तो वहीत लिहून ठेवा, कारण मॅन्डेट बंद करायला गेलात की बँक पहिल्यांदा तोच विचारते. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालतं. त्यामुळे ‘उद्या रविवार आहे, पैसे सोमवारी भरू’ हा हिशोब आता चालत नाही.

तिसरा यूपीआय ऑटोपे, जुलै २०२० मध्ये आलेला. चौथा, डेबिट किंवा क्रेडिट कार्डावरचा ई-मॅन्डेट, म्हणजे ऑनलाइन दिलेलं मॅन्डेट. आणि या सगळ्यांच्या जोडीला बँकेच्या ॲपमधली बिल भरण्याची सोय, जिथे तुम्ही ग्राहक क्रमांक टाकून महावितरण किंवा गॅस कंपनी जोडता. ती भारत बिल पेमेंट सिस्टीमवर चालते. हल्ली तिचंच नाव भारत कनेक्ट असं दिसतं. ग्राहक क्रमांकावरून बिल आपोआप समोर येतं, म्हणून ही वाट घरच्या बिलांसाठी फार उपयोगी आहे.

आता फरकाचा मुद्दा. सुरुवातीला सांगितलेला २४ तास आधीच्या मेसेजचा नियम कार्ड, वॉलेट आणि यूपीआय यांना लागू आहे. नॅचला तो लागू नाही. तिथे हप्ता जाणार असल्याची आठवण कंपनीने स्वतःहून पाठवली तर पाठवली, नाहीतर पैसे गेल्यावरच बँकेचा मेसेज येतो. म्हणून ज्या बिलाची रक्कम दर वेळी बदलते ते यूपीआय किंवा बँकेच्या ॲपवरून लावावं आणि ज्याची रक्कम पक्की असते, जसा विम्याचा हप्ता, त्याला नॅच चालतं. मला तरी घरासाठी हीच वाटणी योग्य वाटते.

१५,००० ची रेषा

कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये पहिल्यांदा स्वतंत्र नियम केले. तेव्हा ओटीपीशिवाय जाऊ शकणारी रक्कम २,००० रुपये होती. पुढे ती ५,००० झाली आणि जून २०२२ मध्ये १५,०००. याचा अर्थ असा की मॅन्डेट लावताना एकदा ओटीपी किंवा पिन दिला की पुढची १५,००० पर्यंतची बिलं तुम्हाला न विचारता जातात. त्याहून मोठं बिल असेल तर दर वेळी पिन किंवा ओटीपी द्यावा लागतो. विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल या तीन गोष्टींसाठी ही मर्यादा डिसेंबर २०२३ पासून १ लाख रुपये आहे.

हे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे लागू झाले, तेव्हा अनेकांची कार्डावरची जुनी ऑटोपे एकाएकी थांबली होती. बँका आणि कंपन्या दोघांचीही तयारी अपुरी होती. गैरसोय झाली खरी, पण त्याआधी एखाद्या कंपनीला कार्डाचा नंबर दिला की ती वर्षानुवर्षं पैसे कापत राही आणि बंद करायचं कुठे हे ग्राहकाला सापडतच नसे. आता बँकेला कार्डावरच्या सगळ्या मॅन्डेटची यादी दाखवावी लागते आणि तिथूनच ती रद्द करू द्यावी लागतात. या सोयीसाठी ग्राहकाकडून शुल्कही घेता येत नाही.

कमाल मर्यादा किती ठेवायची

सगळ्यात जास्त काळजी या एका रकान्याची घ्या, आणि बहुतेक लोक नेमकी इथेच घाई करतात. विम्याचा २,००० चा हप्ता असतो आणि एजंटने फॉर्मवर कमाल रक्कम २५,००० लिहून आणलेली असते. ‘पुढे हप्ता वाढला तर परत सही नको’ असं तो सांगतो. त्याच्या दृष्टीने सोय आहे. तुमच्या दृष्टीने, हिशोबात चूक झाली तर १ लाखाच्या खात्यातून २५,००० जाऊ शकतात.

वीजबिलाचं उदाहरण घेऊ, कारण त्याच्याइतकं खालीवर होणारं दुसरं बिल घरात नसतं. तुमच्या दोन खोल्यांच्या घराचं बिल जानेवारीत १,२०० येतं आणि एसी लागला की मे महिन्यात ३,४०० होतं. गेल्या १२ महिन्यांची बिलं समोर घ्या. त्यातलं सगळ्यात मोठं बघा आणि त्यात साधारण चौथा भाग मिळवा. ३,४०० असेल तर मर्यादा ४,२०० ते ४,५०० ठेवा. ॲपने आधीच भरून ठेवलेला मोठा आकडा तसाच राहू देऊ नका.

ही मर्यादा घरातल्या फ्यूजसारखी काम करते. नेहमीचा भार जातो, भलताच भार आला की तुटते. मीटर वाचणाऱ्याने एक आकडा चुकवला आणि १,४०० ऐवजी १४,००० चं बिल तयार झालं, तर ४,५०० च्या मर्यादेत ते बसत नाही, पैसे जात नाहीत आणि तुम्हाला बिलाकडे बघावं लागतं. मर्यादा १५,००० ठेवलेली असेल तर तेच चुकीचं बिल निमूटपणे भरलं जातं. मग तक्रार, मीटर तपासणी आणि पुढच्या बिलांत वळती होण्याची वाट. पैसे परत मिळतात, पण तेवढे महिने ते तुमच्या खात्यात नसतात.

वादातलं बिल आधी न भरण्याला कायद्यातही किंमत आहे. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५६ मध्ये म्हटलं आहे की बिलाबद्दल वाद असेल तर ग्राहकाने निषेध नोंदवून, मागितलेली पूर्ण रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, या दोन्हींतली जी कमी असेल ती भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. १४,००० च्या बिलावर तुम्ही सरासरीचे १,५०० भरून भांडू शकता. ऑटोपेने १४,००० आधीच भरून टाकले असतील तर हा हक्क वापरायची वेळ निघून गेलेली असते.

मर्यादा फार खाली ठेवण्यातही धोका आहे. हिवाळ्यातलं बिल बघून २,००० ठेवली, की एप्रिलचं बिल अडतं. मेसेज येतो, पण गावी लग्नाला गेलेलो असतो. महावितरणचं बिल उशिरा भरलं की १.२५ टक्के विलंब आकार लागतो, पुढे व्याज सुरू होतं. म्हणून उन्हाळ्याचं बिल धरूनच मर्यादा ठरवायची.

महावितरणच्या बिलावर आणखी एक जागा बघण्यासारखी आहे. तिथे रकमा तीन असतात. एका तारखेपर्यंत भरल्यास इतके, अंतिम तारखेपर्यंत इतके, आणि त्यानंतर इतके. पहिली तारीख तत्पर भरण्याच्या सवलतीची, साधारण एक टक्क्याची. ऑटोपे अंतिम तारखेच्या आसपास चालत असेल तर ही सवलत दर महिन्याला हातची जाते. बँकेच्या ॲपमध्ये ‘बिल आल्यावर लगेच’ की ‘अंतिम तारखेच्या आधी’ असा पर्याय दिलेला असेल तर पहिला निवडा.

आणि बिल उघडून वाचा. चालू रिडिंग, मागील रिडिंग, एकूण युनिट, मीटरचा फोटो. घर बंद होतं म्हणून किंवा मीटर दिसला नाही म्हणून सरासरीने बिल आलं असेल तर ते बिलावर कळतं. दोन-तीन महिने सरासरीचं लहान बिल ऑटोपेने भरलं जातं, आपण खूश असतो, आणि मग खरं रिडिंग घेतलं की एकदम मोठी रक्कम येऊन पडते. रिडिंग अडलेलं दिसलं तर महावितरणच्या ॲपवरून स्वतः फोटो काढून पाठवता येतं.

कोणतं बिल लावावं

ज्याची तारीख चुकली तर नुकसान मोठं, ते पहिलं लावा. या यादीत विमा सगळ्यात वर. वार्षिक, सहामाही किंवा तिमाही हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते आणि मासिक हप्त्याला फक्त १५ दिवसांची. ती गेली की पॉलिसी बंद पडते, आणि नेमक्या त्या काळात घरात काही झालं तर त्या कुटुंबाला काहीच न मिळण्याची वेळ येऊ शकते. वीजबिल महिनाभर थकलं तर दंड भरून सुटता येतं. विम्याचं तसं नाही.

त्यानंतर वीज, पाइपचा गॅस, पोस्टपेड मोबाईल, इंटरनेट. गॅसच्या बाबतीत एक बारकावा लक्षात ठेवा. मुंबईत महानगर गॅसचं आणि पुण्यात एमएनजीएलचं (महाराष्ट्र नॅचरल गॅस) बिल दोन महिन्यांनी येतं. मॅन्डेट लावताना ‘दर महिन्याला’ न निवडता ‘बिल येईल तेव्हा’ निवडा. पोस्टपेड मोबाईलला मर्यादा आवळूनच ठेवा. परदेशी जाऊन आलेल्या माणसाचं रोमिंगचं बिल काय असू शकतं हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना जास्त सांगायला नको.

मालमत्ता कर मी ऑटोपेवर लावायला सांगणार नाही. तो वर्षातून एक-दोनदाच येतो, लवकर भरल्यास बऱ्याच महापालिका सूट देतात आणि आकारणीत चूक असेल तर हरकत घ्यायला वेळ लागतो. तो हाताने, बिल वाचून भरावा.

क्रेडिट कार्डाचं बिल लावताना ‘पूर्ण रक्कम’ आणि ‘किमान रक्कम’ असे दोन पर्याय येतात. किमान रक्कम निवडली तर उरलेल्या रकमेवर व्याज सुरू होतं, आणि कार्डाचं व्याज घरातल्या कोणत्याही कर्जापेक्षा महाग असतं. बिल भरलं गेल्याचा मेसेज मात्र येतो, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटत राहतं. ऑटोपे लावलं असेल तर कोणता पर्याय निवडला आहे हे आजच तपासा.

खात्यात पैसे कधी हवेत

पैसे कमी पडले की मॅन्डेट परत जातं, म्हणजे बाऊन्स होतं. नॅच परत गेलं की बँक काही शे रुपये दंड लावते, त्यावर १८ टक्के जीएसटी. ज्याला पैसे मिळायचे होते ती कंपनीही आपला दंड लावते. तीच रक्कम तिने पुन्हा मागितली आणि तेव्हाही खातं रिकामं असलं तर दंड पुन्हा. ३०० रुपये कमी पडल्यामुळे हजार रुपये जातात ते असे. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स ॲक्ट २००७ च्या कलम २५ प्रमाणे खात्यात पैसे नसल्यामुळे मॅन्डेट परत जाणं हा चेक न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड आहे. इंटरनेटच्या बिलासाठी कोणी कोर्टात जाणार नाही, पण कर्जाच्या हप्त्याच्या बाबतीत वित्तकंपन्या या कलमाच्या नोटिसा पाठवतात.

त्यावर साधा उपाय आहे, वेगळं खातं. पगार किंवा पेन्शन एका खात्यात येऊ द्या. दुसरं एक बचत खातं फक्त बिलांसाठी ठेवा. वर्षभराच्या सगळ्या बिलांची बेरीज करा, बाराने भागा, थोडी रक्कम वर धरा आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी तेवढे पैसे स्टँडिंग इन्स्ट्रक्शनने या खात्यात जाऊ द्या. सगळी मॅन्डेट याच खात्यावर लावा. यातून दोन गोष्टी साधतात. कुठे चूक किंवा फसवणूक झाली तरी घरची सगळी जमा तिच्या आवाक्यात नसते, आणि पासबुकाच्या एका पानावर घर चालवायला किती लागतं ते दिसतं. या खात्यातली किमान शिल्लक किती ठेवावी लागते ते मात्र आधी विचारून घ्या.

हे खातं बँकेतच हवं. आपल्याकडे अनेकांचा पतसंस्थेवर जीव असतो आणि तो योग्यही असेल, पण पतसंस्था ही बँक नव्हे, आणि तिथल्या खात्यावर नॅच किंवा यूपीआयची सोय साधारणतः नसते. सहकारी बँकेत खातं असेल तर तिथे ई-मॅन्डेट चालतं का ते विचारा. आणि सगळी बिलं एकाच बँकेच्या भरवशावर असतील तर दुसरीकडे थोडी तरी रक्कम असू द्या. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. अशा वेळी त्या खात्यावरची बिलं आपोआप भरली जाण्याचा प्रश्नच येत नाही.

बंद करायचं असेल तेव्हा

ॲप फोनमधून काढून टाकलं की मॅन्डेट संपतं, असं फार लोकांना वाटतं. तसं होत नाही. परवानगी बँकेकडे नोंदलेली असते, फोनमध्ये नाही. यूपीआयचं मॅन्डेट ज्या ॲपमधून लावलं त्याच्या ऑटोपे विभागात जाऊन, पिन टाकून रद्द करायचं. कार्डाचं बँकेच्या साइटवर किंवा ॲपवर. नॅचसाठी कंपनीला आणि बँकेला दोघांनाही लेखी कळवावं, यूएमआरएन लिहून, आणि अर्जाची पोच घ्यावी.

पोच कशासाठी, ते सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने बँकेकडे मॅन्डेट रद्द केल्यानंतरही पैसे कापले गेले तर जबाबदारी ग्राहकाच्या बँकेची. तिने दुसऱ्या दिवसापर्यंत प्रश्न सोडवायला हवा, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायला हवी. शाखेतला माणूस ‘कंपनीशी बोला, आमचं काही नाही’ म्हणाला तर या परिपत्रकाचं नाव घ्या. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. त्यासाठीचा फोन क्रमांक १४४४८.

आई-वडिलांची बिलं

मुलं पुण्यात किंवा परदेशात, आई-वडील गावी, अशा घरांत वीजबिल मुलाच्या खात्यावर लावणं सोयीचं पडतं. ग्राहक क्रमांक माहीत असला की कुणाचंही बिल कुणाच्याही खात्यातून भरता येतं. मीटर वडिलांच्या नावावर असला तरी हरकत नाही. फक्त १२ आकडी ग्राहक क्रमांक जुळवून घ्या आणि समोर येणारं नाव वाचा. एक आकडा चुकला तर शेजारच्या गावातल्या कुणाचं तरी बिल तुम्ही दर महिन्याला भरत राहाल. आणि घरी सांगून ठेवा. नाहीतर मुलाकडून ऑटोपेने जातं आणि वडीलही सवयीप्रमाणे भरणा केंद्रात जाऊन भरून येतात. जास्तीचे पैसे पुढच्या बिलात वळते होतात, पण पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला ते पैसे आत्ता हवे असतात.

याच्या उलट, घरातली सगळी मॅन्डेट वडिलांच्या एकट्याच्या खात्यावर असतील तर एक अवघड गोष्ट वेळेवर बोलून घ्यायला हवी. खातेदाराच्या निधनाची सूचना मिळाली की बँक त्या खात्यातून पैसे जाणं थांबवते. दुःखाच्या त्या महिन्यात वीज, इंटरनेट, आईच्या आरोग्यविम्याचा हप्ता, सगळं एकेक करून परत जायला लागतं, आणि कोणतं बिल कुठून जात होतं हे घरात कुणालाच माहीत नसतं. खातं संयुक्त आणि ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीचं असेल तर खातं चालू राहतं. तरीही वडिलांच्या यूपीआयवरून लावलेलं ऑटोपे त्यांच्या मोबाईल क्रमांकाशी बांधलेलं असतं, ते आईच्या नावाने नव्याने लावावं लागतं. म्हणून एका कागदावर यादी लिहा. बिल कोणतं, ग्राहक किंवा पॉलिसी क्रमांक काय, कोणत्या खात्यातून जातं, मर्यादा किती, मुदत कधीपर्यंत. पिन किंवा पासवर्ड त्यावर लिहू नका. कागद कुठे ठेवला आहे ते घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या.

ज्येष्ठांना आणखी एका गोष्टीतून या यादीचा आधार होतो. ‘तुमचं मागील महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री ९.३० ला वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा’ अशा मेसेजने महाराष्ट्रात किती तरी लोकांची खाती रिकामी झाली आहेत. बिल भरलं गेल्याचं ज्याला ठाऊक आहे तो घाबरत नाही. आणि बिल खरंच थकलं असलं तरी कलम ५६ प्रमाणे वीज तोडण्याआधी १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आज रात्री कापू म्हणणारा माणूस वीज कंपनीचा असूच शकत नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा.

यूपीआयवर एखादी विनंती आली तर पिन टाकण्यापूर्वी त्या पडद्यावर ‘ऑटोपे’ किंवा ‘मॅन्डेट’ हा शब्द आहे का ते बघा. ‘पहिला महिना फक्त १ रुपया’ अशा योजनांमध्ये आज १ रुपया जातो, पण खाली बारीक अक्षरांत दरमहा ९९९ रुपयांपर्यंतची परवानगी असते. पिन एकदाच लागतो.

बँक बदलताना घाई करू नका. आधी नव्या खात्यावर मॅन्डेट लावा, मग एक पूर्ण बिल तिथून गेल्याची खात्री करा. गॅससारखं दोन महिन्यांनी येणारं बिल असेल तर तेवढं थांबा, वार्षिक विमा असेल तर कंपनीकडून नवं मॅन्डेट नोंदलं गेल्याचं लेखी मागवा. त्यानंतर जुन्या खात्यावरची मॅन्डेट रद्द करा, आणि सगळ्यात शेवटी खातं बंद करायचा अर्ज द्या. कार्डाची मुदत संपून नवं कार्ड आलं तरी जुन्या कार्डावरच्या बिलांची यादी काढून कोणती पुढे चालू आहेत आणि कोणती नव्याने लावावी लागतील ते बँकेला विचारून घ्या. मोबाईल क्रमांक बदलला असेल तर तो त्याच दिवशी बँकेत नोंदवा, कारण २४ तास आधीचा मेसेज बँक जुन्याच क्रमांकावर पाठवत राहील.